साऱ्या बाजाराचं एक खातं

टेंभुर्णीच्या बाजारात दैवशालाला ओळखत नाही असा माणूस एक तर पाहुणा असणार, नाही तर लसूण न खाणारा. भिंतीच्या कडेची तिसरी ताडपत्री तिची. एका बाजूला लसणाचा ढीग, दुसऱ्या बाजूला अद्रक, मधे तराजू आणि तराजूमागे मांडी घालून बसलेली दैवशाला. वय असेल पंचेचाळीस-सत्तेचाळीस. आवाज असा की पलीकडच्या ओळीतल्या कांदेवाल्यानं दचकून वर बघावं. गिऱ्हाईक भावावरून घासाघीस करायला लागलं की ती म्हणायची, "दादा, भाव माह्या हातात न्हाई, वजन माह्या हातात हाय. वजन बघा." आणि खरंच, तिच्या तराजूबद्दल कधी कुणी तक्रार केली नाही. बाजारात बसणाऱ्या माणसाला याहून मोठं प्रशस्तिपत्रक नसतं.

माहेर तिचं घनसावंगीकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. चौथीपर्यंत शाळा, मग उसात, मग लग्न. नवरा कल्याण हंगामात कापसाच्या जिनिंगवर कामाला जायचा आणि हंगाम संपला की घरी बसून पुढच्या हंगामाची वाट बघायचा. माणूस वाईट नव्हता. कामाला हाक मारली की उठायचा, एवढंच की हाक दुसऱ्यानं मारावी लागायची. शेवटी दैवशालानंच एका दिवाळीला पाच किलो लसूण आणला आणि पोतं अंथरून बाजारात बसली. त्याला वीस वर्षं झाली. त्या लसणावर मुलगी राजनंदिनी शिकली आणि जालन्याला एका दवाखान्यात नोकरीला लागली.

राजनंदिनीनंच आईच्या नावावर स्कॅनर काढून दिला. ठिपक्याठिपक्यांचा चौकोनी कागद आणि सोबत एक बोलता डबा. पैसे खात्यात पडले की डबा मोठ्यानं रक्कम सांगायचा. पहिले दोन बाजार दैवशाला त्या डब्याला बिचकून होती. तिसऱ्या बाजारी ती त्याच्याशी भांडायला लागली, म्हणजे तो घरचा झाला.

तिच्या आजूबाजूला आणखी नऊ बाया बसत. कुणी मेथी-कोथिंबीर, कुणी भेंडी, कुणी बोरं, कुणी अंडी-कोंबड्या. एकीजवळही स्कॅनर नव्हता. कुणाकडे साधा फोन होता, कुणाकडे तोही नव्हता, आणि ज्यांच्याकडे खातं होतं त्यांचं पासबुक नवऱ्याच्या नाही तर पोराच्या खिशात. इकडे गिऱ्हाईक तर आताशा खिशात पैसे घेऊन येतच नाही. "स्कॅनर हाय का?" विचारतं आणि नाही म्हटलं की हातातली जुडी ठेवून पुढे जातं. एका बाजारी असंच एक गिऱ्हाईक निघालं तेव्हा कोंबड्यावाली गिरिजाबाई ओरडली, "आरं, हाय की! त्या लसणावालीच्या डब्यावर मार!" त्यानं मारले, डबा बोलला, आणि संध्याकाळी दैवशालानं तेवढे रुपये गिरिजाबाईच्या हातावर ठेवले. झालं. पुढच्या महिन्यापासून सगळ्या ओळीचे पैसे दैवशालाच्या डब्यावर पडायला लागले.

हिशोबाची रीतही तिचीच. वही काढून लिहीत बसायला बाजारात वेळ कुणाला आहे? तिच्या मांडीमागे पळसाच्या पानांचे नऊ द्रोण ओळीनं मांडलेले असायचे, एकेका बाईच्या नावाचा एकेक. डबा बोलला की जिचं गिऱ्हाईक ती हात वर करून ओरडायची, "माहे!" आणि दैवशाला तिच्या द्रोणात लसणाच्या पाकळ्या टाकायची. एक पाकळी म्हणजे दहा रुपये, अद्रकाचं एक बोट म्हणजे शंभर. वरचे सुट्टे तोंडी. दिवस कलला की ती चौकातल्या पप्पूच्या गाळ्यात जायची. तिथं अंगठा लावला की बँकेतले पैसे रोख मिळतात, लोक त्याला मिनी बँक म्हणतात. रोख घेऊन यायची, एकेका द्रोणातल्या पाकळ्या मोजून ज्याचे त्याला द्यायची, आणि पाकळ्या परत ढिगात. त्याच पाकळ्या पुढच्या बाजारी कुणाच्या तरी फोडणीत पडायच्या. हिशोब खाऊन टाकायची अशी पद्धत दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. पण चार वर्षांत दहा रुपयांचा घोळ झाला नव्हता. तिचा नियम एकच होता, अंधार पडायच्या आत ज्याचे त्याला. 'दैवशालाकडे गेलेला पैसा बुडत नाही' असं बाया म्हणायच्या, आणि हे वाक्य कानावर पडलं की ती पदर सावरून जरा ताठ बसायची. तिच्याकडे मिरवायला दुसरं काही नव्हतंच.

दिवाळीनंतरच्या एका बाजारी गिरिजाबाईकडे एक नवंच गिऱ्हाईक आलं. गिरिजाबाई सत्तरीची. नवरा नाही, पोटचं कुणी नाही, भाचा आदिनाथ याच्या वस्तीवर राहायची आणि कोंबड्यांचं डालगं डोक्यावर घेऊन चार किलोमीटर चालत बाजाराला यायची. तर तो तरुण माणूस, पायात पांढरेधोप बूट, गाडी रस्त्याला उभी. दोन कोंबडे हातात घेऊन बघितले, भाव विचारला. गिरिजाबाई म्हणाली, तेराशे. सवयीनं दोनशे वर सांगितले होते, कमी करायला. त्यानं फोन काढला, दैवशालाच्या कागदासमोर धरला आणि तेराशे मारून, कोंबडे उलटे धरून चालता झाला. दैवशालानं अद्रकाची मोठी गड्डी मोडून तेरा बोटं द्रोणात टाकली. साऱ्या ओळीत हशा पिकला. "गिरजामाय, सोळाशे म्हणायचं व्हतं!" म्हातारीही तोंडाला पदर लावून हसली. स्वतःच्या कष्टाचा पैसा असला की माणूस दहा रुपयांसाठी तीनदा माघारी फिरतो, हे बाजारात सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण त्या दिवशी ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. संध्याकाळी गिरिजाबाईला तिचे तेराशे मिळाले आणि ती गोष्ट तिथंच संपली, असं सगळ्यांना वाटलं.

चार बाजार गेले. पाचव्या बाजारी संध्याकाळी दैवशाला पप्पूच्या गाळ्यात गेली. अंगठा पदराला पुसून मशीनवर ठेवला. पप्पूनं स्क्रीनकडे बघितलं, पुन्हा ठेवायला सांगितला. तिनं पुन्हा ठेवला.

"ताई, अंगठा घेऊन राह्यलं, पण पैसे देऊन न्हाई राह्यलं."

"मशीन बिघडलं आसल, पप्पूभाऊ."

"मशीन बराबर हाय. आत्ताच दोघांचे काढले." त्यानं आवाज खाली आणला. "तुमचं खातं धरलंय बँकेनं. पैसे येतील, पण निघणार न्हाईत. बँकेत जा तुम्ही."

खात्यात एकसष्ट हजार होते. वीस वर्षांतलं जे काही शिल्लक होतं ते आणि पुढच्या मालाचं भांडवल, सगळं त्यातच. पण त्या घटकेला दैवशालाच्या डोळ्यांपुढे एकसष्ट हजार आले नाहीत. नऊ द्रोण आले. सात हजार आठशे चाळीस रुपयांचे नऊ द्रोण, आणि त्यांच्यामागे घरी जायला उठून उभ्या राहिलेल्या नऊ बाया.

ती रिकाम्या हातानं परत आली. कमरेच्या पिशवीत स्वतःच्या विक्रीचे दोन हजार होते, ते काढले आणि ज्यांची नड मोठी होती त्यांना आधी दिले. बाकीच्यांना म्हणाली, "बँकेत कायतरी झालंय. उद्या जाते. पुढल्या बाजारी देते."

भेंडीवाली सुरेखा जिभेनं आधीच तिखट. ती म्हणाली, "आसं कसं? आमचे पैसे आल्ते म्हणून डब्यानं सांगितलं की. आम्ही आमच्या कानानं ऐकलं."

खरं तर डब्यानंही खरंच सांगितलं होतं. तेव्हा गिरिजाबाई पुढे झाली. तिचे चारशे साठ होते. "माहे ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "पुढल्या बाजारी दे न्हाई तर त्याच्या पुढल्या. तिच्याकडं गेलेला पैसा कुठं जातो गं? चला, अंधार पडून राह्यला." आणि रिकामं डालगं डोक्यावर घेऊन ती निघालीसुद्धा. म्हातारी निघाली म्हणून बाकीच्याही निघाल्या. दैवशालानं उरलेले द्रोण पिशवीत ठेवून घरी नेले. चार वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

दुसऱ्या दिवशी जीपनं ती जाफराबादला बँकेत गेली. तिथला साहेब वयानं लहान, बोलायला नरम. त्याच्याबद्दल वाईट बोलायला जागा नाही, आणि हीच या गोष्टीतली अडचण आहे. खेकसणारा असता तर निदान त्याला चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

"मावशी, तुमच्या खात्यात तेराशे रुपये आलेत ते फसवणुकीतले आहेत," तो म्हणाला. "लांबच्या राज्यात कुणाला तरी फोन करून लुटलंय. ते पैसे दहा खात्यांतून फिरले, त्यातले तेराशे तुमच्याकडे आले. तिथल्या पोलिसांनी कळवलंय."

"मंग ते तेराशे काढून घ्या की. बाकीचे कामून धरले?"

त्यानं संगणक जरासा तिच्याकडे वळवला. तुमचा व्यवहारच संशयाचा दिसतो, म्हणाला. आठवडाभर काही नाही आणि एकाच दिवशी साठ-सत्तर अनोळखी लोकांचे पैसे, चाळीस, पन्नास, शंभर असे. संध्याकाळी सगळी रक्कम रोखीनं बाहेर. चोरांच्या भाड्याच्या खात्यांचं असंच असतं. म्हणून यंत्रानं सुरक्षा तपासणीसाठी सगळं खातं धरलं.

गावाला आठ दिवसांतून एकदा बाजार असतो, हे त्या यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं. ते दैवशालानं सांगितलं. आणि तिथंच तिनं हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. कर नाही त्याला डर कशाला, या म्हणीवर ती वाढलेली. खरं बोललं की माणूस सुटतो, अशी तिची समजूत होती. तिनं सगळं सांगितलं, थोड्या अभिमानानंच सांगितलं.

"म्हणजे दुसऱ्यांचे पैसे तुम्ही स्वतःच्या खात्यात घेता?"

"घेते की. साऱ्या ओळीचे घेते."

"त्याचं तुम्हाला काय मिळतं?"

"मला काय मिळायचं? कवा गिरजामाय दोन अंडी देती."

साहेबानं काहीतरी लिहिलं. पुढे विचारलं, "ह्या तेराशेचं काय विकलं होतं?"

"दोन कोंबडे."

"तुम्ही कोंबड्या विकता?"

"न्हाई, मी लसूण विकते. कोंबडे गिरजामायचे."

"हिशोब दाखवा. वही असेल, बिल असेल, चिठ्ठी असेल."

तिनं पाकळ्यांची रीत समजावून सांगितली. एक पाकळी दहा, एक बोट शंभर. साहेबाचा पेन थांबला. "त्या पाकळ्या कुठे आहेत?"

"त्या खाल्ल्या, साहेब."

तो हसला नाही. बिचाऱ्याकडे हे लिहायला रकाना नव्हता. म्हणाला, "वर कळवतो. थोडा वेळ लागेल." किती, ते त्यालाही माहीत नव्हतं.

घरी येऊन दैवशालानं स्कॅनरच्या कागदावर पोत्याचा तुकडा बांधला आणि डबा बंद करून फडताळात ठेवला. जालन्याच्या व्यापाऱ्यानं ओळखीवर एक पोतं उधार दिलं. ते विकून पुढच्या बाजारी तिनं तिघींचे पैसे दिले, त्याच्या पुढच्या बाजारी दोघींचे. चौथ्या बाजारी गिरिजाबाईचे चारशे साठ दिले आणि कुणाचंही काही राहिलं नाही. शब्द राखला. पण त्यानं व्हायचं ते चुकलं नाही. "दैवशालाचं खातं पोलिसानं धरलंय" एवढीच बातमी गावात फिरली, आणि बातमी फिरताना तिच्यामागचं कारण कुणी सोबत नेत नाही. ओळखीची गिऱ्हाइकं आधी तिचा राम राम घ्यायची, आता पलीकडच्या ओळीनं जायला लागली. सुरेखानं तर जागाच बदलली. तिनं नव्या भांडेवाल्याच्या स्कॅनरवर पैसे घ्यायला सुरुवात केली, आणि मग एकेक करून बाकीच्याही गेल्या. दैवशालाच्या शेजारी एकटी गिरिजाबाई राहिली. तिला रोखीचीच चार गिऱ्हाइकं होती.

ती दुसऱ्यांदा बँकेत गेली. तिसऱ्यांदा गेली. तिसऱ्या वेळी साहेब म्हणाला, "मावशी, उत्तर आलंय. तिकडचे पोलीस विचारतात की हे तेराशे प्रत्यक्षात कुणी घेतले. नाव, गाव, मोबाईल नंबर द्या. लेखी द्या. मग तुमचं खातं मोकळं करायला हरकत नाही."

"तिचा काय संबंध, साहेब? पैसे माह्या खात्यात आल्ते."

"म्हणूनच तुमचं खातं बंद आहे."

"मंग लिहा, म्या लसूण विकला तेराशेचा."

तो हळूच म्हणाला, "पहिल्या वेळी तुम्ही कोंबडे सांगितलेत. ते वर गेलंय. आता बदललं तर तुमच्यावर जास्त संशय येईल."

खरं एकदा बोललं की ते मागे घेता येत नाही, हे तिला त्या खुर्चीवर कळलं. तिला भयंकर राग आला. चोर कुठल्या कुठे कोंबडे खाऊन बसला होता आणि सुळी शोधत होती ती संन्याशाला. पण राग धरायचा कुणाचा? समोरच्या पोराचा नाही, यंत्राचा धरून उपयोग नाही, आणि पांढऱ्या बुटांच्या त्या माणसाचा चेहराही आता तिला आठवत नव्हता.

माघ सरला. तिचा ढीग पाटीएवढा उरला. व्यापारी म्हणाला, पहिलं पोतं फेडा, मग दुसरं. जिनिंगचा हंगाम संपून कल्याण घरी बसला होता. संध्याकाळी चुलीपुढे तो म्हणाला, "नाव देऊन टाक."

"त्या दिशी म्हातारी पुढं झाली नसती तर बायांनी मला तिथंच फाडून खाल्लं असतं."

"मंग? तिनं काय चोरी केली का? दोन कोंबडे इकले. पोलीस इचारतील, ती सांगल. कर न्हाई त्याला डर कशाला, तूच म्हणतीस ना?"

स्वतःचीच म्हण अशी दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की ती वेगळीच वाटते. पण गिरिजाबाईला विचारून मग काय ते करावं, असं दैवशालानं मनाशी ठरवलं.

पुढच्या बाजारी दिवसभर दोघी शेजारी बसल्या. दुपारी गिरिजाबाईनं भाकरीचं फडकं सोडलं, अर्धी तिला दिली, वर ठेचा दिला. "खाय. तोंड कसं वाळून गेलं तुहं," म्हणाली. विचारायचं होतं ते दैवशालाच्या ओठापर्यंत चार वेळा आलं. विचारलं असतं तर म्हातारी क्षणाचाही विचार न करता 'दे की माय' म्हणाली असती. हे तिला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच विचारवेना. हो म्हणणाऱ्या माणसाला अडकवणं हे न विचारता अडकवण्याहून वाईट, असं काहीतरी तिच्या मनानं तिला पटवलं. मन अशा वेळी फार हुशार असतं. ती बाजार उठेपर्यंत बसली, राम राम करून घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी जाफराबादला जाऊन नाव देऊन आली. गिरिजाबाई, वस्ती अमुक, भाचा आदिनाथ, त्याचा नंबर. साहेबानं टाइप केलं, वाचून दाखवलं, तिनं सही केली. सगळं खरं होतं.

अकराव्या दिवशी पप्पूचा फोन आला, "ताई, सुटलं तुमचं!" तेराशे अडकवून ठेवले होते, बाकी सगळं मोकळं. दैवशालाला आनंद झाला, खोटं कशाला बोला? तिनं व्यापाऱ्याचं पोतं फेडलं, दोन नवी आणली, कल्याणला हाक मारून वाहायला लावली. बाजारात ताडपत्री पहिल्यासारखी भरली. शेजारची जागा मात्र रिकामी होती. म्हातारी आजारी असेल, असं तिला वाटलं. त्याच्या पुढच्या बाजारीही जागा रिकामीच.

सुरेखाच सांगायला आली. अशा बातम्या सांगायला ती पलीकडच्या ओळीतूनही येते. "तुला कळलं न्हाई? गिरजामायला ठाण्यात नेल्तं. दिवसभर बसवलं. आन् तिचे निराधाराचे पैसे येत्यात ना, ते खातं पण धरलं. आता भाचा तिला बाजारात येऊ देऊन न्हाई राह्यला." आणि दैवशालाच्या तोंडाकडे बघत, "तिचं नाव कसं गेलं काय माहीत," असं म्हणून ती गेली.

दैवशालानं त्या दिवशी बाजार उठायच्या आधीच ढीग झाकला आणि वस्तीची वाट धरली. चार किलोमीटर. ही म्हातारी कोंबड्या डोक्यावर घेऊन कशी येत असेल, हे चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या मनात आलं. काय बोलायचं ते ती चालता चालता जुळवत होती. माहं चुकलं, गिरजामाय. इचारायला पायजे होतं. तुहे निराधाराचे पैसे सुटंस्तोवर मी देत जाईन. तिनं कमरेच्या पिशवीत दोन हजार वेगळे ठेवले होते.

आदिनाथ अंगणात होता. त्यानं तिला बघितलं, उठला आणि शेताकडे निघून गेला. गिरिजाबाई पडवीत बसली होती. खुराड्याचं दार सताड उघडं होतं आणि आत एकही कोंबडी नव्हती.

"ये माय," ती म्हणाली. "बस. पाणी घे."

दैवशालानं पाण्याचा तांब्या हातात घेतला, पण जुळवलेलं सगळं विसरून गेली. "म्या नाव दिलं, गिरजामाय," एवढंच तिच्या तोंडून आलं.

"ठाण्यातल्या साहेबानं सांगितलं मला. तू खरं तेच सांगितलं. कोंबडे माहेच होते, त्यात खोटं काय?" गिरिजाबाई शांत होती. रडून, भांडून झाल्यानंतरची ती शांती नव्हती. ती घाबरलेली होती, आणि घाबरलेलं माणूस कुणावर चिडत नाही. "तिथं कुणी वाईट बोललं न्हाई. च्या पण दिला. फक्त पुन्हापुन्हा तेच इचारत होते, त्यो माणूस कोण, त्यो तुमचा कोण. मी म्हणलं, गिऱ्हाईक. ते म्हणले, नाव काय? आता गिऱ्हाइकाचं नाव कुणी इचारतं का गं?"

"न्हाई," दैवशाला म्हणाली.

म्हातारी उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात फडक्याची गाठ होती. ती तिनं दैवशालाच्या मांडीवर ठेवली. "तेराशे हायेत. कोंबड्या इकून टाकल्या समद्या. चोराचा पैसा आपल्याला नगं. तुहं त्या बँकेच्या साहेबाकडं जाणं-येणं हाय, त्याला नेऊन दे. म्हणावं, बाईनं वापस केले." ती जरा पुढे सरकली. "मंग माहं नाव काढून टाकतील ना?"

दैवशालाला ते ऑफिस चांगलं माहीत होतं. तिथं असे तेराशे घेणारी खिडकी नाही. तिचे स्वतःचे तेराशे तिथं केव्हाचे अडकून पडले होते, आणि म्हातारीचे हे वेगळे तेराशे कुणी मागितलेसुद्धा नव्हते. एकदा टाइप झालेलं नाव कुठून कुठे जातं हे त्या नरम बोलणाऱ्या साहेबालाही सांगता येत नव्हतं. हे सगळं तिला सांगायला हवं होतं. आत्ता, इथं, तांब्या खाली ठेवून. पण गिरिजाबाई तिच्याकडे बघत होती, चार वर्षं दर बाजारी संध्याकाळी बघायची तसं, हातावर काय पडतंय त्याकडे.

"काढतील," दैवशाला म्हणाली.

"बाजाराच्या आधी?"

"बाजाराच्या आधी."

गिरिजाबाईनं सुटकेचा निःश्वास टाकला. "तुह्यावर भरवसा हाय म्हणून देऊन राह्यले. मोजून घे माय. पैशाचं काम हाय."

दैवशालानं गाठ सोडली. दहा-दहाच्या, वीस-वीसच्या नोटा होत्या, काही ओलसर. तिनं त्या म्हातारीसमोर एकेक करून मोजल्या, तेराशे भरेपर्यंत.

"बराबर हायेत," ती म्हणाली.